अक्षरं बारीक झाली त्या सकाळी

“पिशवी हातातून सुटायच्या आधी नंबर दोनदा वाच, सोयरा. शंका आली तर देऊ नकोस, मग दारात कोणी का उभं असेना.”

वेंकटरमण डॉक्टरांचं हे सांगणं सत्तावीस वर्षांपूर्वीचं. डॉक्टर गेले, रक्तपेढीच्या काउंटरवर सोयराबाई राहिल्या. आज मात्र रक्ताची पिशवी समोर ठेवून त्या नुसत्याच बसल्या होत्या. स्क्रीनवरची अक्षरं रातोरात मुंगीएवढी झाली होती. वर्षभर त्या ती गुपचूप मोठी करून घेत. डोळे अधू झाल्याचं दवाखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं. आज माऊसचं उजवं बटण कितीदा दाबलं, तरी काही उघडेना.

“अक्का, द्या की लवकर. पेशंट टेबलावर आहे,” सुष्मा म्हणाली. ऑपरेशन थिएटरची ही नर्स त्यांच्याच गल्लीत राहणारी, त्यांच्यासारखीच कानडी मिसळून बोलणारी.

“स्वल्प थांब, थोडंसंच.”

फोन करून बोलावलेली देवश्री धावतच खाली आली. कॉम्प्युटर विभागातली ही मुलगी साताऱ्याची. “काल मीच वरच्या मजल्यावरून दोनशे कॉम्प्युटरना एकदम नियम लावलेत, सोयराबाई. सरकारी तपासणी आहे ना. सेटिंग सगळ्यांचंच बंद आहे.”

“माझं एक उघड.”

“उघडते. पण फॉर्मवर कारण लिहावं लागतं. काय लिहू?”

सोयराबाईंनी सुष्माकडे पाहिलं. सुष्मासमोर बोललं, की संध्याकाळी गल्लीत आणि उद्या दवाखान्याचे प्रमुख प्राणेश साहेब यांच्या टेबलावर. निवृत्तीला पाच महिने होते.

थिएटरचा फोन पुन्हा वाजू लागला.

“अय्यो अक्का, नंबर तर जुळवायचा, अल्वा? हो ना? त्यात काय एवढं?” सुष्मा म्हणाली.

सोयराबाईंनी नाक स्क्रीनला लावलं. शेवटचा आकडा तीन. पिशवीवरही तीन. बहुधा तीनच. त्या ‘बहुधा’शी येऊन त्यांचा हात पिशवीवरून मागे आला.

“मला दिसत नाही, सुष्मा,” त्या म्हणाल्या. “पिशवीवरचा तू वाच. स्क्रीनवरचा देवश्री वाचेल.”

“शेवटी तीन,” सुष्मा म्हणाली.

देवश्री वाकली. पुन्हा वाकली. “इथं आठ आहे.”

सोयराबाईंनी फ्रिज उघडला, आठची पिशवी काढली, दोघींकडून दोनदा वाचून घेतली, मगच दिली. सुष्मा ती घेऊन पळाली.

“नियम लावायच्या आधी खाली येऊन विचारायला हवं होतं मी,” देवश्री म्हणाली. “कारणात माझी चूक लिहिते. तुमचं नाव नको.”

“तुझी तू लिही. पण माझंही खरं लिही. अक्षरं मोठी केलीस तरी आता भागायचं नाही ग.”

“नोकरीवर येईल हो.”

“येऊ दे. डोळे दाखवल्याशिवाय या खुर्चीत बसायची नाही. हा शब्द देते तुला.”

“दुपारी मी येते बरोबर.”

“दुपार कशाला?”

फ्रिजची किल्ली त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या काव्याच्या हातात दिली. देवाचं नाव घेऊन उठल्या. डोळ्यांचा विभाग अंगणापलीकडे, चौदा पायऱ्या उतरून. आजवर त्या पायऱ्या मनात मोजून उतरत, कुणाला कळू नये म्हणून. आज त्यांनी सगळ्यांदेखत कठडा धरला.