आतोबांचं जाम झालेलं इंजिन

आमचे आतोबा घरात बोलत नाहीत. ‘हं’, ‘नको’ आणि ‘आवाज जरा वाढव’ एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार चालतो. होडीत बसले की मात्र त्यांना कंठ फुटतो. तळ्याच्या मध्यावर पोचेपर्यंत शाळेतल्या मारामाऱ्यांपासून शेजाऱ्याच्या कुत्र्यापर्यंत सगळं सांगून होतं. आत्या म्हणते, “लग्न मी त्या माणसाशी केलं होतं. हा सोफ्यावरचा कुठून आला, देव जाणे.”

गुडघ्याच्या दुखण्याने होडी काही वर्षं काठावर पडून राहिली आणि तिच्या मागे लावायचं इंजिन शेडमध्ये. इंजिन आतोबांच्या वडिलांच्या वेळचं. गुडघा बरा झाल्यावर आतोबांनी हौसेने त्याची दोरी ओढली, तर ती हलेचना. “गंजलं. माझ्या आळसाने मेलं,” असं म्हणून त्यांनी भंगारवाल्याला संध्याकाळी यायला सांगितलं. होडीही तोच नेणार होता.

आत्याने मला फोन केला. मी स्कूटर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करते. “आत्ताच्या आत्ता ये,” ती म्हणाली. “होडी गेली तर उरलेला जन्म मला टीव्हीशी बोलावं लागेल.”

बंद पडलेल्या यंत्रांचा मला कधी राग येत नाही. त्यांना मेलं म्हणणाऱ्या माणसांचा येतो. मी पोचले तेव्हा आतोबा लोखंडी पाइप घेऊन इंजिनाच्या डोक्यावरची जड चकती फिरवायच्या तयारीत होते. मी पाइप काढून घेतला.

“जबरदस्ती केलीत तर आतला दांडा वाकेल. मग भंगारवालाही नाक मुरडेल.”

“हं,” आतोबा म्हणाले.

मी प्लग काढला, त्या भोकातून रॉकेल आणि डिझेल सोडलं आणि ते मुरेपर्यंत बाकीची तपासणी केली. खालच्या गिअरचं तेल स्वच्छ, त्यात पाण्याचा थेंब नाही. पंख्याची एक कड उडालेली, पण चालण्यासारखी. कार्ब्युरेटर तुंबलेला, तो धुऊन काढला. थंड पाणी खेळवणाऱ्या पंपाचं रबर कडक झालेलं, ते बदलावंच लागणार. एकूण म्हातारा ठणठणीत होता. फक्त पिस्टन हट्टाला पेटला होता. चहा झाला, पुन्हा रॉकेल झालं, चकती तसूभर हलली नाही. ऊन शेडच्या दारातून बाहेर सरकलं तशी आत्या रस्त्याकडे बघायला लागली.

मग मी टॉर्च लावून आत डोकावले. गंज असेल तर तांबूस दिसायला हवं. तसं काहीच नव्हतं. तारेला चिंधी बांधून फिरवली, तर ती पिवळी आणि चिकट होऊन आली. वास घेतला. हा वास माझ्या ओळखीचा होता, शेगडीमागच्या भिंतीचा. मी आत्याकडे पाहिलं. आत्याला एकाएकी शेडच्या छपरात फार रस वाटू लागला.

“आत्या, यात काय घातलंस?”

“तेल.”

“कसलं तेल?”

“कसलं म्हणजे? आपण खातो ते. इंजिन ठेवताना हे दर वर्षी चमचाभर घालायचे ना. यांचा गुडघा गेला, म्हणून मी घालत होते. पोटाला चालतं ते इंजिनाला कसं बाधेल?”

मी तिला मनसोक्त झापलं. खायचं तेल वर्षानुवर्षं वाळून डिंकासारखं घट्ट झालं होतं आणि पिस्टन त्यात चिकटून बसला होता. झापून झाल्यावर दुसरी बाजूही सांगावी लागली, की त्याच तेलाने आत गंज धरू दिला नव्हता.

“कढई अशी चिकट झाली तर काय करतेस?” मी विचारलं.

“गरम पाणी. आणि दम धरायचा.”

आतून थिनर सोडला, बाहेरून उकळत्या पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळली आणि दम धरला, जो मला मुळीच धरता येत नाही. मग चकती दोन्ही हातांनी हळूच इकडे-तिकडे ढकलली. जराशी सरकली. परत आली. आणखी सरकली. आणि अख्खा फेरा पूर्ण झाला! मी प्लगच्या भोकावर अंगठा दाबून पुन्हा फिरवलं, तर हवेने अंगठा उडवून लावला. म्हणजे दाब चांगला. प्लग पुसून दोरी ओढली, निळी ठिणगी पडली. मी चिंधी हातात घेऊन शेडभर नाचले.

भंगारवाला आला तेव्हा इंजिन पाण्याच्या पिंपावर टांगलेलं होतं. त्यालाच पिंप धरायला लावलं. तिसऱ्या ओढीला निळ्या धुराचा लोट निघाला आणि इंजिन असं गरजलं की आत्याने पदराने कान झाकले. आतोबा तिच्यासमोर उभे राहून हातवारे करत काहीतरी सांगत होते. ओठ हलताना दिसत होते, पण अक्षरही ऐकू येत नव्हतं. पंपाच्या रबराची काळजी होती, म्हणून मी लगेच इंजिन बंद केलं.

आतोबा त्याच टिपेच्या आवाजात बोलत राहिले, “...एवढी वर्षं इथे येऊन एकटीने हे करत होतीस, आणि मला बोलली नाहीस?”

“तुम्ही बोलत होतात का?” आत्या म्हणाली.

आतोबांनी बादली उलटी करून आत्याला बसायला दिली, स्वतः जमिनीवर टेकले आणि होडीत नसतानाही बोलायला लागले.