राणी हेमलतेची मुद्रा

"तीनशे वर्षं? अहो सूर्यकांतराव, स्वल्प कमी करा," हेमलताबाई म्हणाल्या आणि तळहातावरचं लाल अकीकाचं पेंडंट त्यांनी चष्म्याजवळ नेलं.

"बरं, दोनशे नव्वद. त्याखाली नाही परवडत."

मल्लेश्वरच्या त्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याउभ्या खायच्या छोट्या हॉटेलात, दोघांची रोज सकाळी फेरफटक्यानंतर कॉफी व्हायची. दोघंही एकेकटे, दोघंही पेन्शनीत. पण आजची कॉफी शेवटची. हेमलताबाईंचा मुलगा मुकुल आता गाडी घेऊन येणार होता आणि आईला कायमची मारतहळ्ळीला नेणार होता. शहर तेच, पण मधली वाहतूक अशी, की इथून काळ्या केसांनी निघालेला माणूस तिथे पांढऱ्या केसांनी उतरतो.

हेमलताबाईंना जुन्या मुद्रांच्या लॉकेटांचं वेड. नव्या दागिन्याकडे त्या ढुंकून बघत नसत. "नव्याला नुसती चकाकी. जुन्या मुद्रेनं कधी कुणाचं पत्र बंद केलेलं असतं. गळ्यात घातली की कुणीतरी शेजारी बसल्यासारखं वाटतं," असं त्या म्हणत. त्या शेजारी बसण्यानं सूर्यकांतरावांची झोप उडाली होती. जाताना त्यांच्या गळ्यात आपलं काहीतरी असावं, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून त्यांनी नगरथपेटेच्या बाजारात नवीकोरी मुद्रा कोरून घेतली. कारागिरानं विचारलं होतं, "सर, अक्षरं उलटी ना?"

"उलटी कशाला? मी सरळ माणूस आहे!"

मग भोवतीची चांदी काळी पडून जुनी दिसावी म्हणून, ज्या घरात जन्मात अंडं आलं नव्हतं, तिथे त्यांनी उकडलेलं अंडं आणलं आणि पेंडंटासकट डब्यात कोंडून ठेवलं.

"आणि योगायोग बघा, ज्या राणीची ही मुद्रा, तिचं नावही हेमलता!" सूर्यकांतराव आता सांगत होते.

"कुठली हो राणी?"

"आनेकलकडची. हत्तीवरून खाली म्हणून उतरायची नाही. हत्ती झोपला तरी ही वर बसलेली. आणि ऊन असं, की हुकमावरची लाख हत्तीच्या पाठीवरच वितळायची."

"आणि मुद्रा तुमच्याकडे कशी?"

"आमचे खापरपणजोबा त्या हत्तीचे माहूत!"

हेमलताबाई हसल्या नाहीत. त्यांनी बशीतला मऊ दूधपेढा पुढे ओढला, त्यावर पेंडंट दाबलं आणि अलगद उचललं. पेढ्यावर नाव उठलं खरं, पण सगळं उलटं.

"राणीची प्रजा आरशात बघून हुकूम वाचायची वाटतं?"

सूर्यकांतरावांचे कान अकीकाहून लाल झाले.

"खरी मुद्रा उलटी कोरतात, म्हणजे ठसा सरळ उठतो," त्या म्हणाल्या. "गळ्यात घातली की जगाला उलटी दिसते. आरशासमोर उभं राहिलं, तर घालणारीला तेवढं आपलं नाव सरळ वाचता येतं. तीच तर गंमत. ही तुमची बसचा कंडक्टरसुद्धा वाचेल."

"द्या इकडे. उलटी कोरून आणतो."

"कधी? तो बघा, मुकुल आलासुद्धा." त्यांनी पेंडंट नाकाशी नेलं. "आणि याला अंड्याचा वास कसा?"

"जुनं व्हायला," सूर्यकांतराव पुटपुटले.

आता मात्र हेमलताबाई अशा हसल्या, की पेल्यातली कॉफी खालच्या वाटीसारख्या डबऱ्यात सांडली आणि काउंटरवरचा माणूस मोड मोजायचं विसरला. डोळे पुसून त्यांनी तो पेढा अख्खा तोंडात टाकला.

"पुरावा ठेवू नये," त्या म्हणाल्या. सूर्यकांतरावांनी पेंडंटासाठी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. कारण हेमलताबाईंनी त्याचा दोरा डोक्यावरून घालून पेंडंट पदरावर नीट बसवलं.

मुकुल आत आला. "आई, चल. पुढे सिग्नलला जाम आहे. आणि हे काय, नवीन? तुझं नाव आहे यावर!"

"नवीन कसलं? किती जुनं आहे ते. तुझं लक्षच नसतं रे माझ्याकडे."

"सॉरी," मुकुल ओशाळून म्हणाला आणि त्यानं पिशवी उचलली.

सूर्यकांतराव फुटपाथपर्यंत आले. गाडी निघाली, तेव्हा त्यांनी हात उंच करून हलवला. काचेआड हेमलताबाईंनी हात हलवला नाही. त्यांचा हात गळ्याशी होता.