कालचे वाटाणे

खाटकाचं पोट वर्षानुवर्षं साफ होत नव्हतं आणि त्याचा ताप अख्ख्या घराला भोगावा लागत होता. चूर्णं झाली, जुलाबाच्या गोळ्या झाल्या, एनिमा झाला. तरी दोन घासांतच पोट टम्म फुगायचं, मळमळायचं. मग डोक्यात खूळ शिरलं की बायको जेवणात काहीतरी कालवते. स्वतःच्या आतड्याला कोण बोल लावतो? घरातली बाई हाताशी असतेच.

त्या संध्याकाळी तिसऱ्या घासाला त्याने ताट लोटलं. "काय घातलंस यात?"

"मीठ, मिरी. रोजचंच," बायको म्हणाली.

"माझ्या जिवावर उठलीस तू."

त्याने फेकलेलं ताट तिच्या कपाळावर बसलं. भुवईवरून रक्त ओघळलं. ती उठायला गेली तसं त्याने तिचं मनगट टेबलाच्या कडेवर दाबलं, पिरगाळलं, "बोल" म्हणत पुन्हा पिरगाळलं. कट्ट आवाज झाला. दिवसभर हाडं तोडणाऱ्याला तो ओळखायला वेळ लागला नाही. ती मटकन खाली बसली. त्याने दुसरा हात उगारला आणि तेवढ्यात त्याला भडभडून उलटी झाली.

फरशीवर वाटाणे पडले, जवळजवळ अख्खे. बायकोने आज वाटाणे केलेच नव्हते. ते त्याने काल दुपारी बहिणीकडे खाल्ले होते. आजारी जनावराच्या पोटात कालचा चारा तसाच निघतो, हे त्याने स्वतःच्या सुरीने कितीदा पाहिलं होतं. पोट कालपासूनच भरलेलं, मग आजच्या घासांना जागा कुठली? उगारलेला हात खाली आला. त्याला स्वतःचीच भीती वाटली.

दवाखान्यात बायकोच्या हाताला प्लास्टर घातल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्याचंही पोट तपासलं, वाटाण्यांचं ऐकून घेतलं. "बद्धकोष्ठात दर वेळी एकट्या मोठ्या आतड्याचा दोष नसतो. काहींचं जठर आणि लहान आतडंही अन्न हळू पुढे ढकलतं. तुमचं तसंच दिसतंय. तपासण्या करू. नुसत्या जुलाबाच्या औषधांनी भागणार नाही." मग त्यांनी बायकोला विचारलं, "आणि हा हात?"

"यांनी मोडला."

डॉक्टरीणबाईंनी पोलिसांना कळवायला फोन उचलला. खाटीक बायकोकडे वळला. "म्हणजे तू काहीच घातलं नव्हतंस."

"इतकी वर्षं तेच सांगत होते."

तिने चांगल्या हाताने पर्समधून घराची किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"आता तुमचं जेवण तुम्हीच करा. कुणावर संशय घ्यायला नको."