लाल पाणी

लहरीच्या हळद माखलेल्या कपाळावर हळदीस्वामींनी अंगठा टेकवला आणि कपाळ लालभडक झालं. अंगणभर बायकांचा गलका उठला, "आली! एल्लम्मा आली!"

तेलंगणातल्या जनगावजवळच्या त्या खेड्यात चार दिवस हेच चाललं होतं. सोळा वर्षांची लहरी इंटरच्या पहिल्या वर्षात, म्हणजे अकरावीत, दोन विषयांत नापास झाली, वसतिगृहातून घरी आली आणि खाणं-झोपणं सोडून बसली. मग पैंजण एका मैत्रिणीला दिले, लाडकी सायकल दुसरीला. "मला आता काही लागणार नाही," म्हणाली. गावाला त्यात वैराग्य दिसलं. हळदीस्वामींना नैवेद्य दिसला.

"देवी सर्वस्व वाटून टाकते आहे!" स्वामी गरजले. "तिला काही विचारू नका. वडे आणा!"

उपकेंद्रातली नर्स कोमुरम्मा मागे उभी होती. सायकलीचं ऐकल्याबरोबर ती हातातलं काम टाकून आली होती. एरवी तिने स्वामींना सावकाश सोललं असतं, आज तेवढा वेळ नव्हता.

"नानम्मा," तिने लहरीच्या आजीला विचारलं, "परवा नातवाची दृष्ट काढलीस, ते लाल पाणी कशाचं गं?"

"हे काय विचारणं! हळदीत चुना कालव..." आजी थांबली. तिने स्वामींचा अंगठा धरून उताणा केला. "चुना! विड्याचा चुना! मेल्या, माझ्याच घरचं पाणी मलाच दाखवतोस?"

अंगण खो खो हसलं. स्वामी पळाले, पण एक वडा घेऊनच.

कोमुरम्मा मात्र लहरीजवळ बसली. "बिड्डा, पोरी, जीव द्यावासा वाटतो का?"

"अक्का, असलं विचारू नकोस!" आई किंचाळली. "तिच्या डोक्यात भरेल!"

"ही दुसरी अंधश्रद्धा. विचारल्याने भरत नाही, मन मोकळं होतं."

"हो, वाटतं," लहरी पुटपुटली. मग रडत रडत सगळंच निघालं. वसतिगृहातली टिंगल, महिनाभर उडालेली झोप, वडिलांना, बापूला तोंड कसं दाखवायचं ही धास्ती.

"मला?" बापूने तिला जवळ ओढलं. "अगं, मी दहावीला तीनदा बसलोय! तुझ्या आजीला विचार."

त्याच दुपारी घरातलं फवारणीचं औषध शेजाऱ्याच्या कुलपात गेलं आणि लहरी आई-बापूंबरोबर डॉक्टरांकडे. उपचार महिनोन्महिने चालले, कधी बरे दिवस, कधी वाईट. एक दिवस ती मैत्रिणीच्या दारात उभी राहिली. "माझी सायकल दे. चेन पाडून ठेवली असशील, मला माहीत आहे."

आपलं पोर आवडीच्या वस्तू वाटायला लागलं, तर आधी त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा. हळद आमटीत घालायची असते.