मला नुसतं ‘सुगंध’ म्हणू नका

मी लिंबाच्या सालीचा अर्क बोलतोय. बोलतोय कसला, भांडतोयच म्हणा. तपकिरी बाटलीत बूच लावून बसल्या बसल्या मी सगळ्यांचं ऐकून घेतलंय. कुणी म्हणतं, “निसर्गातलं आहे, याने काय होणार?” कुणी म्हणतं, “विष आहे मेलं, ओतून टाका.” या दोन्ही पंथांशी माझं जमत नाही, आणि का ते आज सांगूनच टाकतो.

माझा जन्म काही फुलांच्या शेजेवर झाला नाही. रस काढणारे रस घेऊन गेले, साली उरल्या, त्या यंत्रात दाबल्या आणि मी बाहेर पडलो. आग नाही, वाफ नाही. त्यामुळे सालीत जे जे होतं ते सगळं माझ्यात उतरलं. माझ्या एका भावाला वाफेवर काढतात. तो वासाला जरा फिका, पण स्वभावाने गरीब. माझ्यात मात्र उन्हाबरोबर भडकणारं एक द्रव्य राहून गेलंय. झाडाने ते साठवलं स्वतःच्या राखणीसाठी. माणसाच्या गालावर चोळायला आपण काहीतरी बनवावं, असं झाडाच्या मनातही आलं नसेल. झाडाला माया असते आणि ती खास आपल्यासाठीच असते, हा माणसांचा गोड गैरसमज आहे.

मला विकत घेतलं दोन बहिणींनी. थोरलीने नोकरी सोडून घराच्या मागच्या खोलीत साबणाचा उद्योग मांडला होता. स्टीलची पातेली, वजनकाटा, भिंतीला फळ्या, आणि साबण पिवळे पडू नयेत म्हणून खिडकीला जाड पडदा. धाकटी स्कूटरवरून माल पोचवायची. थोरली कमी बोलायची, धाकटी दोघींचं बोलायची.

थोरलीचं नि माझं चांगलं जमलं. “साबणात वास मरतो, हात सढळच हवा,” असं म्हणत ती मला ओतायची. खरं आहे ते. साबणातला कॉस्टिक सोडा माझा बराचसा दम खातो आणि उरलासुरला मी पाण्याबरोबर मोरीत जातो. कुणाला काही त्रास नाही, माझी काही तक्रार नाही.

मग तिने क्रीम करायला घेतलं. आणि हात तोच! साबणवालीचा सढळ हात. अगं बाई, क्रीममध्ये मला खाणारं कोण आहे? धुणारं कोण आहे? तिथे मी कातडीवर ठाण मांडून बसतो.

तिने तपासलं नाही असंही नाही. तिची एक रीत होती. नवीन काही केलं की कोपराच्या आतल्या बाजूला चोळायचं, बाही खाली ओढायची आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. जाड पडद्याच्या खोलीत, बाहीच्या आत! मला उन्हाची तिरीपही दिसली नाही, तर मी भडकणार कसा? “पुरळ नाही, लाली नाही,” ती खूश झाली. डब्यांवर तिने ठसठशीत छापून घेतलं, ‘निसर्गाची देणगी, पूर्ण सुरक्षित’. घटकांच्या शेवटी बारीक अक्षरांत एकच शब्द, ‘सुगंध’. माझं नाव औषधालासुद्धा नाही. तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं.

पहिली डबी धाकटीने वापरली. रोज सकाळी मानेला क्रीम लावून ती उन्हात निघायची. आधी मान चुरचुरली, मग लाल झाली, मग घामाबरोबर क्रीम जिथे जिथे ओघळलं तिथे तपकिरी ओघळ उमटले. तिने ताईला काही सांगितलं नाही. मानेला स्कार्फ गुंडाळायला लागली, बस्स. एका मोठ्या दुकानाने सगळ्या डब्या घ्यायचं कबूल केलं होतं आणि ताई काम करताना चक्क गुणगुणायला लागली होती. आपलीच कातडी नाजूक, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मला तिची दया आली. पण भाजायचं थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

दुकानात जाण्याआधी क्रीमची सुरक्षा-तपासणी करून घ्यावी लागते. थोरलीच्या लेखी ती नसती कटकट होती. तपासणीसाठी बाई आल्या, त्यांनी डबी उघडली, वास घेतला आणि विचारलं, “हे लावून धुवायचं, की अंगावर ठेवायचं?”

“क्रीम कुणी धुतं का हो?” थोरली हसली.

“मग यात साबणाइतकाच अर्क कसा?”

“अहो, झाडाचं आहे ते. केमिकल थोडंच आहे?”

“झाडाचं आहे म्हणूनच विचारतेय. दाबून काढलेला की वाफेवरचा?”

“दाबून काढलेला. त्याचाच वास खरा.”

“अंगावर राहणाऱ्या वस्तूत त्याला मर्यादा आहे. तुम्ही फारच पुढे गेलाय. ऊन लागलं की कातडी भाजते याने.”

थोरलीने बाही सर्रकन वर केली. “हे बघा! काही झालंय का?”

“हा हात उन्हात नेला होतात?”

थोरलीने बाही खाली ओढली आणि ती चिडली. “सगळ्या डब्या भरून झाल्यात. उद्या माल जायचाय. तुमच्या नियमापायी एवढी मेहनत मोरीत ओतू? एकाला तरी काही झालंय का, दाखवा मला!”

धाकटी दारात उभी होती. तिने स्कार्फ सोडला. “मला झालंय, ताई.”

थोरली तिच्या मानेकडे बघतच राहिली. “आणि तू बोलली नाहीस?”

“किती दिवसांनी तू अशी खुशीत होतीस. कुठल्या तोंडाने सांगू?”

थोरलीने हात पुढे केला, पण डागांना लावायचं धाडस तिला झालं नाही. मग तिने मलाच उचललं. “या मेल्यालाच ओतते आधी!” म्हणत ती मोरीकडे निघाली.

वा रे न्याय! सढळ हात कुणाचा? बाहीखालची परीक्षा कुणाची? ‘पूर्ण सुरक्षित’ कुणी छापलं? कालपर्यंत देणगी होतो, आज मेला झालो. माझा आवाज त्यांना ऐकू जात असता तर त्या मोरीपाशी सगळं घर गोळा केलं असतं मी.

तपासणीच्या बाईंनीच तिला अडवलं. “त्याला कशाला ओतताय? साबणात राहू दे. क्रीममध्ये वाफेवरचा घाला, तोही मापात. आणि दोन्हीकडे स्पष्ट नाव छापा. काहींना लिंबाचा अर्क सोसतच नाही. त्यांना डबी घेण्याआधी कळायला नको?”

थोरलीने मला फळीवर ठेवलं आणि दुकानदाराला फोन लावला. “उद्या माल येणार नाही. क्रीममध्ये माझी चूक झालीय.” पलीकडून जे ऐकावं लागलं ते तिने निमूट ऐकलं. ते दुकान गेलं ते गेलंच. मग दोघी बहिणी खाली बसून एकेक डबी रिकामी करू लागल्या. थोरली रडत होती, धाकटी उलट तिलाच समजावत होती.

आता क्रीममध्ये माझा भाऊ असतो. मी साबणात आहे, आणि लेबलावर माझं पूर्ण नाव आहे. धाकटीच्या मानेवरचे डाग फिके होताहेत, पण फार सावकाश.

परवा एका छोट्या दुकानात एका बाईने माझ्या साबणाची वडी उचलली, डोळे मिटून वास घेतला, हसली. मग लेबल वाचलं आणि वडी पुन्हा जागेवर ठेवली. “माझ्या मुलीला हे चालत नाही,” ती माल पोचवायला आलेल्या धाकटीला म्हणाली.

“मग घेऊच नका,” धाकटी म्हणाली.

आजवर मला अनेकांनी डोळे झाकून अंगाला लावलं, पण इतका मान कुणी दिला नव्हता. घ्यायचं तर घ्या, नाकारायचं तर खुशाल नाकारा. फक्त त्या बाईसारखं, माझं नाव वाचून नाकारा.