आधी ठिपकी, मग बुटकी

मी बाटली बोलतेय. थांबा, लगेच नाक मुरडू नका! मी तसली नव्हे. वासरांना दूध पाजतात ना, ती जाड प्लॅस्टिकची, रबरी निप्पलवाली बाटली मी.

दुकानात होते तेव्हा माझा तोरा काय विचारता! शेजारी घमेली, फावडी, दोरखंड. मी मनात म्हणायचे, तुम्ही माती उपसा, मी लेकरं वाढवणार. एके दिवशी गाई पाळणाऱ्या एका काकींनी मला उचललं, उजेडात धरलं, निप्पल दाबून पाहिलं आणि घरी आणलं.

काकींच्या गोठ्यात वासरांना बाटलीनंच पाजतात. काकी वासराचं डोकं मांडीशी धरायच्या आणि त्यांची टकळी सुरू व्हायची, "पी गं बये, सावकाश. कुणी पळवत नाहीये."

"आम्हाला नाही कधी एवढ्या लाडानं वाढलंत," दारातून त्यांची सून म्हणायची.

"चार पायांवर चालत ये, मग वाढते!"

असे हसतखेळत दिवस चालले होते. मग ठिपकी नावाच्या वासरीला हगवण लागली. नुसतं पाणी. डोळे खोल गेले, कान लोंबले. गुरांच्या डॉक्टरांनी पाण्यात कालवायची पावडर दिली. ते पाणी मीच तिच्या पोटात घातलं, घोट घोट करून. ती धडपडत उभी राहिली, तेव्हा मला कोण आनंद झाला!

ठिपकी अजून पुरती बरी झाली नव्हती, त्याच दिवसांत बुटकी जन्मली. एवढीशी, पण भलती खादाड. तिच्यासाठी आईचा चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, माझ्यातच भरायचे.

काकींच्या घरची एक रीत होती. आजारी माणसाचं ताट आधी वाढायचं, मग बाकीच्यांचं. तीच रीत त्यांनी गोठ्यात आणली. आधी ठिपकी, मग बुटकी. मधे मला बादलीत बुचकळायचं, दोनदा हलवायचं, की झालं.

कसलं झालं! निप्पलच्या भोकात ठिपकीची आंबूस लाळ तशीच चिकटलेली असायची. मला ती जाणवत होती हो. आणि बुटकी शेपटी उडवत मला चोखायची, ढुशा द्यायची. मला लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मी खूश होते. किती छान पिते पोर, म्हणत होते.

पुढे बुटकीनं तोंड फिरवलं. मग तीच हगवण. काकींनी मला तिच्या ओठांना लावलं, गाल चोळले, हाका मारल्या. ठिपकीला वाचवणारं तेच पाणी तिच्या तोंडातून बाहेर ओघळलं. सकाळी डॉक्टर आले, तोवर ती गार पडली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "काकी, आधी कुणाला पाजत होतात?"

"आजारी लेकराला. मग कुणाला?"

डॉक्टर म्हणाले, "घरात ते बरोबर आहे. गोठ्यात मात्र उलटं. आधी धडधाकट, आजारी सगळ्यांत शेवटी. आणि त्याची बाटली वेगळी."

सून माझ्याकडे बघून म्हणाली, "फेकून देते ही मेली बाटली."

"तिला कशाला? हात माझे होते," काकी म्हणाल्या.

काकी, हात तुमचे होते, पण तोंड माझं होतं. हे मी त्यांना कसं सांगणार?

त्यांनी मला गरम पाण्यानं, साबणानं, ब्रशनं घासलं. घासता घासता रडत होत्या. मग माझ्या गळ्यात लाल चिंधी बांधली आणि लांबच्या खुंटीवर उलटी टांगली. तेव्हापासून मी फक्त आजाऱ्यांची, आणि माझी पाळी सगळ्यांत शेवटी.

ठिपकी जगली. तिला धष्टपुष्ट झालेली बघते, तेव्हा बरंही वाटतं आणि बुटकी आठवून जीव कासावीसही होतो.

आज, इतक्या वर्षांनी, ठिपकी व्याली. वासरू धडपडत उभं राहिलं, तोंड उघडून शोधू लागलं. काकी चिकाचं भांडं घेऊन घाईघाईनं आल्या आणि जुन्या सवयीनं त्यांचा हात माझ्याकडे वळला. मी लाख ओरडले, काकी, मी नको! बोटं माझ्या गळ्याला लागली. चिंधीपाशी थबकली.

काकी मला हळूच म्हणाल्या, "तू राहा बाई इथेच." आणि दुसरी बाटली घेऊन गेल्या.

वासराच्या चोखण्याचा आवाज इथवर येतोय. तुमच्याही गोठ्यात माझी एखादी बहीण असेल. तिला गरम पाण्यानं, साबणानं घासा आणि आजाऱ्याकडून तशीच दुसऱ्याकडे नेऊ नका. मला इथं रिकामीच लटकू द्या. या खुंटीवरून मला कुणी काढलं नाही, तो दिवस माझा चांगला गेला.