मसाकाच्या रस्त्यावरची पाच तास चाळीस मिनिटं

मित्रांनो, मी लॉगर आहे. जुना आहे आणि सध्या कपाटात आहे. काड्यापेटीहून थोडी मोठी पांढरी डबी, समोर आकड्यांची लहान खिडकी आणि मागे दोन तारा, एवढंच माझं शरीर. एक तार औषधांच्या थंड पेटीत सोडतात, दुसरी पेटीबाहेर राहते. दर पाच मिनिटांनी मी दोन्हीकडचं तापमान लिहून ठेवतो. मला उकडत नाही, थंडीही वाजत नाही. मला फक्त आकडा समजतो.

चीनमधल्या एका कारखान्यात माझ्यासारखे चारशे लॉगर एका दिवसात तयार झाले. त्यांतले वीस रियाधला, अल सुलैमधल्या एका औषधांच्या गोदामात आले. हे गोदाम आफ्रिकेतल्या दवाखान्यांना इन्सुलिन पाठवतं. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. गोठलं तर बिघडतं, तापलं तर त्याचा जोर कमी होतो. बिघडलेलं इन्सुलिन कित्येकदा चांगल्यासारखंच दिसतं. म्हणून माझी गरज असते.

पहिल्याच दिवशी दर्शना मॅडमनी मला तपासलं. त्या गोदामाच्या गुणवत्ता विभागात आहेत. बर्फाचा भुगा, त्यात थोडं पाणी आणि त्या पाण्यात माझी तार. वीस मिनिटांनी माझ्या खिडकीत ०.० आलं. त्यांनी वहीत ‘बरोबर’ असं लिहिलं आणि माझ्या पाठीवर १७ आकडा चिकटवला. त्या फार बोलत नसत. सात वर्षांत त्यांनी माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही आणि माझं कौतुकही केलं नाही.

माझे प्रवास नौशाद सोलकरबरोबर झाले. तो दाभोळचा. शीतगृहाचा मेकॅनिक म्हणून आला होता, पुढे कंपनीने त्याला रस्ते तपासायला पाठवायला सुरुवात केली. नव्या रस्त्याने खरं औषध पाठवण्याआधी पेटीत पाण्याच्या बाटल्या भरतात, बर्फाचे पॅक लावतात, पेटीला सील करतात आणि माणसाबरोबर तो सगळा रस्ता फिरवतात. आत तापमान टिकलं तर रस्ता पास होतो. सील मधे तोडायचं नसतं. नियम एवढाच आहे.

अशा अकरा फेऱ्या आम्ही केल्या. अदिस अबाबात विमानतळाबाहेर माझ्या बाहेरच्या तारेला चौदा अंश मिळाले. नौशाद म्हणाला, “आपल्या सौदीतल्या डोंगरावरच्या ताइफसारखी हवा आहे.” तिथून खाली दिरे दावाला उतरलो तेव्हा पस्तीस झाले. तिथल्या दवाखान्यात एका बाईंनी निखाऱ्यांवर कॉफीच्या बिया भाजल्या, धूर त्याच्या नाकाशी नेला आणि तीन वेळा कॉफी पाजली. दोन कप पिऊन तो उठू लागला, तर त्यांनी त्याला परत बसवलं. त्याच दवाखान्यात दोन दिवस वीज नव्हती आणि फ्रिजमध्ये फक्त एक ओलं फडकं होतं. दार-ए-सलामला तो फेरीबोटीच्या धक्क्यावर सुक्या मासळीशेजारी चाळीस मिनिटं उभा राहिला, म्हणजे माझ्या आठ नोंदी. का उभा होता, ते त्याने सांगितलं नाही.

दहाव्या फेरीत तो कंपालाला जाऊन आला. परतल्यावर अल सुलैच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये त्याने खोलीतल्यांना सांगितलं, की युगांडात रस्त्याच्या कडेला फणस लागतात. खोलीत सहा जण, सगळे कोकणातले. त्यांतले नाना सगळ्यांत मोठे, देवरुखचे, जनरेटर दुरुस्त करणारे. नाना चार वर्षं गावी गेले नव्हते. दर वेळी बदलीचा माणूस नाही म्हणून सुट्टी पुढे जायची.

“आफ्रिकेत फणस?” नाना म्हणाले. “उद्या म्हणशील, जिराफ कोकम खातात.”

“नाना, डोळ्यांनी बघितलंय.”

“फोटो?”

“फोन बंद पडला होता.”

“पडणारच. थापा मारताना फोन कसा चालू राहील?”

तेव्हापासून खोलीत त्याला कोणी नौशाद म्हणेना. युगांडावाला म्हणू लागले. जेवताना कोणी काही सांगितलं, की दुसरा विचारायचा, “हे खरं आहे, की युगांडाचं?”

बारावी फेरी नैरोबी ते किगाली होती. बहात्तर तास, सगळा रस्ता व्हॅनने. व्हॅन वाफुला चालवत होता. तो केनियाच्या पश्चिम भागातला. नौशादचं इंग्रजी आणि वाफुलाचं हिंदी सारखंच तोकडं होतं, पण ‘चाय’, ‘चपाती’, ‘गाडी’ आणि ‘साबण’ यांसाठीचे शब्द दोघांचे जवळजवळ सारखे निघाले. त्या चार शब्दांवर त्यांचा पहिला दिवस गेला.

लिमुरूच्या चढावर बाहेर बारा अंश होते. वाफुलाने स्वतःचं जॅकेट काढून नौशादला दिलं. मलाबाच्या सीमेवर ट्रकांची रांग होती. सहा तास, एकतीस अंश. जिंजाला नाईलवरचा पूल आला तेव्हा नौशादने खिडकी खाली केली. नदी मोठी होती. पूल संपेपर्यंत त्याने काच वर केली नाही. कंपालात पावसाने पंधरा मिनिटांत तापमान आठ अंशांनी उतरवलं. दुचाकी टॅक्सीवाले एका पेट्रोल पंपाच्या छपराखाली गोळा झाले आणि अनोळखी माणसांनी एकमेकांना सरकून जागा दिली. या सगळ्या वेळात पेटीच्या आत पाच अंशांच्या आसपास होतं.

पुढे मसाकाच्या रस्त्यावर विषुववृत्त लागतं. तिथे एक माणूस घंगाळात पाणी फिरवून दाखवतो. रेषेच्या एका बाजूला डावीकडे, दुसऱ्या बाजूला उजवीकडे. मित्रांनो, ते पाणी ओतणाऱ्याच्या हाताने फिरतं, पृथ्वीमुळे नाही. एवढ्याशा पाण्यावर पृथ्वीचा तेवढा जोर चालत नाही. पण नौशाद ते दोनदा बघून आला.

त्यानंतर वीस मिनिटांनी त्याने व्हॅन थांबवायला लावली. लाल मातीच्या कडेला फणसांची रास होती. त्याने एकावर टिचक्या मारल्या, देठाचा वास घेतला आणि एक निवडला. वाफुलाकडे इंजिनाजवळची तेलाची बाटली मागितली. वाफुलाने ती दिली नाही, शेजारच्या टपरीतून खायचं तेल आणून दिलं. नौशादने हाताला तेल लावलं, फणस फोडला, एक गरा खाल्ला आणि थोडा वेळ रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. मग उरलेले गरे केळीच्या पानात बांधले.

किगालीला पोहोचायला अजून एक दिवस होता आणि तिथून रियाधला जायला आणखी एक. व्हॅनमध्ये गरे टिकले नसते. व्हॅनमध्ये थंड जागा एकच होती.

“नो, नो, माय फ्रेंड,” वाफुला म्हणाला.

“दोन मिनिटं,” नौशाद म्हणाला. त्याने सील कापलं, पुडकं आत ठेवलं आणि पेटी बंद केली. सुटं सील त्याच्या खिशात होतं. ते लावलं.

पेटी खरंच दोन मिनिटांत बंद झाली होती. दार किती वेळ उघडं ठेवलेलं चालतं, ते शीतगृहाच्या मेकॅनिकला कळतं. पण कोमट वस्तू आत ठेवली, की ती थंड होताना आपली उष्णता बाकीच्यांना देते, याचा हिशोब त्याने त्या वेळी केला नाही. आतलं तापमान ११.६ पर्यंत चढलं. ते पुन्हा आठच्या खाली यायला पाच तास चाळीस मिनिटं लागली. मी अडुसष्ट आकडे लिहिले. मला दुसरं काही लिहिता येत नाही.

किगालीबाहेरच्या दवाखान्यात सिस्टरनी पेटी उतरवून घेतली. नौशादने सील काढून पुडकं आणि मला त्याच्या बॅगेत ठेवलं. कागदावर सही करताना त्यांनी विचारलं, की इन्सुलिन कधीपासून येईल. त्यांच्याकडे अकरा मुलं रोज इंजेक्शन घेणारी होती आणि औषध कधी यायचं, कधी नाही.

“नेक्स्ट मंथ,” नौशाद म्हणाला.

शुक्रवारी दुपारी, नमाजनंतर, कॅम्पमधल्या खोलीत त्याने पुडकं उघडलं. मी त्याच्या बॅगेत होतो, बॅग खाटेवर होती. खोलीत चोवीस अंश होते. नानांनी एक गरा उचलून बोटांनी दाबला.

“कापा आहे,” ते म्हणाले.

“मग?”

“मग काय? जिराफांचं तेवढं अजून बाकी आहे.”

ते दोन गरे खाऊन उठले आणि नळाशी जाऊन हात धुऊ लागले. बराच वेळ धुतले. त्या दिवसापासून खोलीत त्याला परत नौशाद म्हणू लागले.

शनिवारी गोदाम बंद होतं. रविवारी दर्शना मॅडमनी मला संगणकाला जोडलं. दोन रेषा आल्या, आतली आणि बाहेरची. आतली रेष एका जागी आठच्या वर चढली होती. मॅडमनी उठून बर्फ आणला, भुगा केला आणि माझी तार त्यात ठेवली. वीस मिनिटांनी ०.० आलं.

मॅनेजर नबील सर आत आले. ते महाडचे, वाईट माणूस नव्हे. त्यांना क्लायंटचे फोन येत होते.

“मॅडम, तो डबा सात वर्षांचा आहे. फॉल्टी लिहा, खलास.”

“फॉल्टी लिहिलं तर याच्या मागच्या अकरा फेऱ्याही फॉल्टी होतात, सर. दिरे दावाला इन्सुलिन जातंय ते याच्याच आकड्यांवर.”

“तेवढं कोण बघतं?”

“आज मी बघतेय.”

त्यांनी नौशादला बोलावलं आणि शेजारी खुर्ची दिली. “ही बाहेरची रेष आहे. कुठे काय होतं, तेवढं सांगा.”

नौशादने रेषेवर बोट ठेवलं. “हे लिमुरू, मॅडम. इथे धुकं होतं, म्हशीएवढी गाय अंगावर आली होती. हे मलाबा. तिथे एका म्हातारीने मला विचारलं, एकटाच फिरतोस, आई काळजी करत नाही का? हा कंपालाचा पाऊस.” बोट पुढे सरकलं आणि थांबलं. तिथे खालची रेष चढत होती.

दर्शना मॅडम म्हणाल्या, “झाकण नुसतं उघडून बंद केलं, तर सुईसारखं टोक येतं आणि रेष लगेच खाली उतरते. इथे टेकडी आहे. आत काहीतरी कोमट गेलं आणि आतच राहिलं.”

नौशादने रेषेवरून बोट उचललं. नबील सर दाराशी उभे होते.

“फणस होता, मॅडम.”

“फणस?”

“कापा.”

“वजन किती असेल?”

“दीड किलो. आठळ्यांसकट.”

त्यांनी ते वहीत लिहिलं. मग पेन खाली ठेवलं. “कारण माहीत नाही असं लिहिलं, तर हा रस्ता नाकारतील. कारण लिहिलं, तर चाचणी परत होईल आणि रस्ता राहील.”

“आणि मी?”

“सील तुम्ही तोडलंय. मला नाही वाटत, कंपनी तुम्हाला ठेवेल.”

“म्हणून तर म्हणतोय, डब्यावर घाला,” नबील सर म्हणाले. “डब्याला काय बायकामुलं आहेत?”

ते बरोबर बोलत होते. मला कोणी नाही. नौशादची दोन मुलं दाभोळच्या शाळेत होती.

नौशाद म्हणाला, “सर, त्या सिस्टरना मी ‘औषध पुढच्या महिन्यात येईल’ असं सांगून आलोय.” मग त्याने कागद मागितला. “मराठीत लिहिलं तर चालेल, मॅडम?”

“चालेल. भाषांतर मी जोडते.”

तो वीस मिनिटं लिहीत होता. शेवटी त्याने वाचून दाखवलं. सील मी तोडलं. आत दीड किलो गरे ठेवले. ड्रायव्हर नको म्हणत होता. लॉगर बरोबर आहे. खाली सही, तारीख आणि इकाम्याचा, म्हणजे सौदीत राहण्याच्या परवान्याचा, नंबर.

नबील सरांनी कागद हातात घेतला आणि परत टेबलावर ठेवला. “वेडा आहेस तू,” ते म्हणाले आणि फोन घ्यायला बाहेर गेले. माझ्या खिडकीत तेव्हा २३.४ होतं. आधीही तेवढंच होतं.

कंपनीने नौशादचा इकामा पुढे वाढवला नाही. सात आठवड्यांनी त्याला फायनल एक्झिटवर कायमचं गावी पाठवलं. आदल्या दिवशी तो हत्यारांची पेटी जमा करायला आला. माझ्या दोन्ही तारा त्याने बाहीने पुसल्या, गुंडाळल्या आणि मला टेबलावर ठेवलं.

“येतो, मॅडम.”

“या,” दर्शना मॅडम म्हणाल्या.

चाचणी परत झाली तेव्हा मला दुसऱ्या माणसाबरोबर पाठवलं. तो काटेकोर होता. व्हॅन फक्त डिझेलसाठी थांबली. आतली रेष बहात्तर तास सपाट राहिली, मसाकापाशीही. रस्ता पास झाला आणि आता त्या रस्त्याने किगालीला इन्सुलिन जातं. त्या फेरीबद्दल मला याहून जास्त सांगता येणार नाही. बॅटरी वाचावी म्हणून बाहेरची तार लावलीच नव्हती. लिमुरूला थंडी होती का, कंपालात पाऊस पडला का, मला माहीत नाही.

त्यानंतर माझी बॅटरी उतरली. नवे लॉगर आले आहेत, ते आकडे तिथूनच फोनवर पाठवतात. माझ्यासाठी मागण्यासारखं काही नाही, मित्रांनो. मला कपाटात बरं किंवा वाईट वाटत नाही. तुमच्या घरी एखादं यंत्र नकोसा आकडा दाखवू लागलं, तर फेकण्याआधी ते एकदा तपासा, एवढं केलंत तरी पुष्कळ.

विनंती दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. किगालीच्या अहवालात नौशादचं नाव नाही, ‘वाहतूक कर्मचारी’ एवढंच छापलं आहे. पण फाइलमध्ये मागे त्याच्या हातचं पान लावलेलं आहे. मराठीत आहे, एका कडेला तेलाचा डाग आहे आणि इथे ते फारसं कोणाला वाचता येत नाही. जुन्या फाइली दर पाच वर्षांनी फाडतात. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी अशा एखाद्या गोदामात काम करायला आलं, तर ते पान फाडायच्या ढिगात टाकण्याआधी पूर्ण वाचा आणि परत जागेवर लावून ठेवा.